जीन्स बोहारणीला देण्याआधी...

दिवाळीच्या आधीचा रविवार. आईने कपाट रिकामं करायला घेतलंय. जुन्या चादरी एका बाजूला, न होणारे शर्ट दुसऱ्या बाजूला. आणि त्या ढिगात सगळ्यात खाली, घडीवर पिवळसर रेघ पडलेली एक जाडजूड जीन्स. बाबांची. कॉलेजातली. मामाने दुबईहून आणलेली, नाहीतर पहिल्या पगारात घेतलेली. आता ती बाबांना मांडीच्या वर चढत नाही. तुम्हाला कमरेत ढगळ होते. आई म्हणते, "दे बोहारणीला, एखादं पातेलं तरी येईल."

थांबा. पातेलं कुठे पळून जात नाही. आधी ती पँट उलटी करा आणि खिडकीपाशी उजेडात धरा. तुमच्या हातात जे आहे त्याला काही लोक कापड म्हणतात, काही लोक कागदपत्र म्हणतात. अतिशयोक्ती वाटते ना? मग एक गोष्ट ऐका.

कागद जळाले, पँट उरली

जीन्सच्या जन्माची गोष्ट आपल्याला ढोबळ माहीत असते. जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेला लेव्ही स्ट्रॉस 1853 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचला आणि कापडाचा घाऊक व्यापार करू लागला. तिकडे नेवाडातल्या रिनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या पँटचे खिसे सारखे फाटतात, म्हणून त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिवेट ठोकायला सुरुवात केली. पँट हातोहात खपू लागल्या. कल्पना चोरीला जाईल या भीतीने त्याने 1872 मध्ये आपल्या कापडवाल्याला, म्हणजे लेव्ही स्ट्रॉसला पत्र लिहिलं: पेटंट आपण मिळून घेऊ. 20 मे 1873 ला अमेरिकेचं 139121 क्रमांकाचं पेटंट दोघांना मिळालं. आज तुमच्या जीन्सच्या खिशाला जो छोटा धातूचा ठिपका आहे, तो तिथून आला.

यापुढची गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. 18 एप्रिल 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोत प्रचंड भूकंप झाला आणि पाठोपाठ शहर पेटलं. लेव्ही स्ट्रॉसच्या कंपनीचं मुख्यालय त्यात जळालं. हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार, नमुन्याच्या पँट, सगळं गेलं. म्हणजे जगातला सगळ्यात ओळखीचा कपडा बनवणाऱ्या कंपनीकडे स्वतःच्या पहिल्या त्रेपन्न वर्षांचा जवळजवळ काहीच पुरावा उरला नाही.

मग तो इतिहास परत कसा मिळाला? कंपनीबाहेरून. खाणींतून, गोठ्यांतून, जुन्या घरांच्या माळ्यांवरून. 1989 मध्ये कंपनीने लिन डाउनी यांना आपली पहिली इतिहासकार म्हणून नेमलं आणि जुने कपडे शोधून, विकत घेऊन, नोंदवून ठेवण्याचं काम शिस्तीत सुरू झालं. 2001 मध्ये नेवाडातल्या एका खाण-वस्तीत सापडलेली 1880च्या दशकातली एक जीन्स ई-बेवर लिलावाला आली, तेव्हा कंपनीने ती 46,532 डॉलर मोजून घेतली. गंमत बघा, आपणच कधीतरी सव्वा-दीड डॉलरला विकलेली पँट परत मिळवायला एवढे पैसे! पण त्यांच्या दृष्टीने ती पँट म्हणजे जळालेल्या वहीचं सापडलेलं पान होतं.

या संग्रहात एक भारी पँट आहे. ॲरिझोनातल्या होमर कॅम्पबेल नावाच्या खाणमजुराने ती 1917 मध्ये घेतली आणि तीन वर्षं रोज कामावर वापरली. मग 1920 मध्ये, ‘नेहमीसारखी टिकली नाही’ अशी तक्रार करून ठिगळांसकट कंपनीला परत पाठवली. कंपनीने ती जपून ठेवली. त्या माणसावर कुणी पुस्तक लिहिलं नाही. त्याने आयुष्यात किती कष्ट केले याची नोंद कुठल्या दफ्तरात नसेल. पण गुडघ्यांवर एकावर एक चढवलेली ठिगळं बघितली की कळतं, हा माणूस दिवसभर गुडघ्यांवर बसून काम करायचा.

मुद्दा इथेच आहे. राजाचा पोशाख म्युझियममध्ये जातो, मजुराचा पायपुसणं होतो. जीन्स हा मुळात मजुरांचा कपडा. म्हणून जुन्या जीन्स इतक्या दुर्मीळ आहेत: त्या जपायच्या असतात असं घालणाऱ्याला कधी वाटलंच नव्हतं. फाटेपर्यंत घातल्या, मग फडकी केली, मग टाकल्या.

पँट वाचायची कशी?

जुनी जीन्स ओळखणारे लोक लेबलवरची तारीख शोधत नाहीत, कारण ती सहसा नसतेच. ते बारीकसारीक खुणा बघतात. लिवाइसच्या 501 या मॉडेलचंच उदाहरण घेऊ, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त अभ्यास झालाय. पुढची यादी सरळ मोबाइलमध्ये सेव्ह करा.

मागचा खिसा एकच आहे? मग ती 1901च्या आधीची, कारण दुसरा मागचा खिसा त्या वर्षी आला. पट्टा ओवायचे लूप नाहीत, नुसती गॅलिस अडकवायची बटणं आहेत? 1922च्या आधीची. मागच्या खिशावर छोटी लाल फीत आहे? 1936 किंवा नंतरची. रोडिओ बघणाऱ्या गर्दीत लांबूनसुद्धा आपली पँट ओळखू यावी म्हणून ती फीत लावली होती. त्या फितीवरच्या कंपनीच्या नावात ‘ई’ कॅपिटल आहे की स्मॉल? 1971च्या सुमारास कॅपिटलचा स्मॉल झाला. म्हणून जगभरच्या जुन्या बाजारांत ‘बिग ई’ हा शब्द ऐकला की लोकांचे कान टवकारतात.

मागच्या खिशांचे रिवेट बाहेर दिसतात? ते खुर्च्यांना आणि घोड्याच्या खोगिरांना ओरखडे पाडतात अशा तक्रारी आल्या, म्हणून 1937 मध्ये ते कापडाखाली लपवले गेले आणि 1960च्या दशकात पूर्ण काढून त्या जागी जाड टाके आले. दोन पायांच्या मध्ये, शिवणी जिथे भेटतात तिथेसुद्धा एक रिवेट असायचा. शेकोटीसमोर उकिडवं बसलं की तो तापायचा आणि मग जे व्हायचं ते व्हायचं, अशी एक दंतकथा आहे. खरं कारण रुक्ष आहे: दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायचा होता. त्याच युद्धात दोराही वाचवायचा म्हणून मागच्या खिशावरची ती प्रसिद्ध दुहेरी कमान शिवण्याऐवजी रंगाने काढली जायची. धुण्यात रंग गेला, कमान गेली. म्हणजे एका खिशावर कमान ‘नसणं’ हासुद्धा महायुद्धाचा पुरावा होऊ शकतो!

आता पायाची मोहरी उलटी करून बघा. बाहेरच्या शिवणीच्या आत पांढरी पट्टी आणि तिच्यात एक रंगीत धागा दिसतोय? ही सेल्व्हेज, म्हणजे कापडाचा मागावरच विणून झालेला काठ. साडीला असतो तसा. जुन्या मागावर धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचा आणि परत यायचा, त्यामुळे कडेला धागा तुटत नसे, काठ आपोआप बंद व्हायचा. नंतर वेगवान, रुंद मागांवर धोटा गेला आणि काठही गेला. लिवाइसच्या पँटवरची ही लाल काठाची खूण 1980च्या दशकात संपली.

हे कापड वर्षानुवर्षं ज्या गिरणीतून यायचं ती नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी 1905 मध्ये सुरू झाली आणि 31 डिसेंबर 2017 ला बंद पडली. अमेरिकेतली सेल्व्हेज डेनिम विणणारी ती शेवटची मोठी गिरणी. लालबाग-परळमध्ये ज्यांचे आजोबा गिरणीत होते, त्यांना हे वाक्य वेगळं समजावून सांगायची गरज नाही. भोंगा बंद होतो तेव्हा नुसता पगार जात नाही. कुठला धागा किती ताणायचा हे हाताला माहीत असलेली माणसंही घरी जातात.

कापडावरची सही

पण जीन्सच का? जुनी टेरीकॉटची पँट कुणी जपत नाही. कारण डेनिममध्ये एक खास गोष्ट आहे. त्यात उभे धागे निळे आणि आडवे धागे पांढरे असतात. नीळ त्या उभ्या धाग्याच्या आतपर्यंत नीट मुरत नाही, बाहेरूनच चढते. आतला गाभा पांढरा राहतो. त्यामुळे जिथे घर्षण होतं तिथे निळा थर झिजतो आणि पांढरं वर येतं. मांडीवरच्या सुरकुत्या, गुडघ्यामागची जाळी, खिशातल्या पाकिटाचा चौकोन, हे सगळं तुमच्या शरीराने आणि सवयींनी त्या कापडावर काढलेलं चित्र असतं.

हे किती वैयक्तिक असतं? अमेरिकेत 1996 मध्ये बँक दरोड्याच्या एका प्रकरणात एफबीआयच्या तज्ज्ञाने कॅमेऱ्यात दिसलेली जीन्स आणि संशयिताच्या घरातली जीन्स जुळवली. आधार होता शिवणीवरच्या फिकट-गडद पट्ट्यांचा, बारकोडसारखा. अशी ओळख कोर्टात कितपत विश्वासार्ह धरावी यावर नंतर शास्त्रज्ञांनी शंकाही घेतल्या आहेत, आणि 2020 मधल्या एका अभ्यासाने तर चांगलेच प्रश्न विचारले. पण आपल्यापुरता मुद्दा साधा आहे. एकाच दिवशी, एकाच मशीनवर शिवलेल्या दोन जीन्स दोन वर्षांनी एकसारख्या राहत नाहीत.

खिशातलं नकोसं वाक्य

आता ज्यावरून जगभर हेडलाइन झाल्या ती पँट. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यू मेक्सिकोत जुन्या कपड्यांचा एक महोत्सव भरला होता. तिथे 1880च्या दशकातली लिवाइसची एक जीन्स लिलावात निघाली. बंद पडलेल्या खाणीत सापडलेली. मेणबत्तीच्या उजेडात काम चालायचं त्या काळातली, त्यामुळे कापडावर मेणाचे डाग. किंमत? लिलावाचं शुल्क धरून 87,400 डॉलर. विकत घेणाऱ्या दोघांपैकी एक जण तेवीस वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याच वयाचा कुणीतरी!

पण खरी गोष्ट किमतीत नव्हती, खिशात होती. आतल्या अस्तरावर छापलं होतं की ही पँट फक्त गोऱ्या कामगारांनी बनवलेली आहे. 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. त्या काळात चिनी कामगारांविरुद्ध एवढा द्वेष होता की असं वाक्य ‘जाहिरात’ म्हणून खपायचं. कंपनीने 1890च्या दशकात ते छापणं थांबवलं.

विचार करा. ही पँट कुणी ‘स्वच्छ’ करून, अस्तर बदलून विकली असती तर? मिळाली असती एक सुंदर निळी जुनी जीन्स आणि हरवला असता एक पुरावा. ज्या देशाचं स्वातंत्र्य म्हणून आपण जीन्स मिरवतो, त्या देशाच्या मजुरांतल्या भेदभावाचा हा पुरावा तिच्याच खिशात निघाला. इतिहास जपणं म्हणजे छान छान तेवढं जपणं नाही. डागासकट, ठिगळासकट, त्या वाक्यासकट जपणं.

याला आणखी एक बाजू आहे. नेवाडा-ॲरिझोनाच्या कोरड्या, अंधाऱ्या खाणींत कापड शंभर वर्षं टिकतं, म्हणून शोधक तिथे उतरतात. छत कधीही कोसळू शकतं, विषारी हवा असू शकते. शिवाय अमेरिकेत 1979च्या कायद्याप्रमाणे सरकारी जमिनीवरून शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू विनापरवाना उचलणं गुन्हा आहे. कारण उघड आहे. पँट कुठल्या खाणीत, कुठल्या कोपऱ्यात, कशाशेजारी पडली होती हे न नोंदवता उचलली की अर्धी गोष्ट तिथेच राहते.

गोष्ट आणि पुरावा

गोष्टीला किंमत असते हे कळलं की गोष्टी रचल्याही जातात. डिसेंबर 2022 मध्ये रिनोत आणखी एक पँट विकली गेली, 1,14,000 डॉलरला. 1857 मध्ये वादळात बुडालेल्या ‘सेंट्रल अमेरिका’ या जहाजावरच्या एका प्रवाशाच्या ट्रंकेतून ती निघाली होती. जाड कापडाची, पाच बटणांची, खाणमजुराची कामाची पँट. विकणाऱ्यांनी सुचवलं की ही लेव्ही स्ट्रॉसशी जोडलेली, म्हणजे जगातली सगळ्यात जुनी जीन्स असू शकते. कंपनीच्या तेव्हाच्या इतिहासकार ट्रेसी पानेक यांनी स्पष्ट सांगितलं की हा निव्वळ तर्क आहे, पुरावा नाही. बरोबरच होतं. रिवेटचं पेटंट त्यानंतर सोळा वर्षांनी आलं. पँटवर ना लेबल, ना नाव.

पण ती पँट ‘जीन्स नाही’ म्हणून कमी मोलाची होते का? मुळीच नाही. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी सोन्याच्या मागे गेलेला मजूर काय घालायचा हे ती सांगते. तिला ओढूनताणून जगातली पहिली जीन्स बनवायची गरज नाही. ऑनलाइन थ्रिफ्ट पेजवर ‘रेअर! नाइन्टीज! ओजी!’ असं वाचाल तेव्हा ही गोष्ट आठवा आणि विचारा, कशावरून?

परक्यांनी जपलेला वारसा

गंमत म्हणजे जीन्सचा इतिहास सगळ्यात निगुतीने जपला तो अमेरिकेने नाही, जपानने. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या वापरलेल्या जीन्स टोकियोतल्या उएनोजवळच्या आमेयोको बाजारात विकल्या जायच्या. तरुणांना त्यांचं वेड लागलं. ओकायामा प्रांतातलं कोजिमा हे गाव तेव्हा शाळेचे गणवेश शिवायचं. तिथल्या एका कारखान्याने 1965 मध्ये अमेरिकेहून डेनिम मागवून जपानमध्ये जीन्स शिवली. 1973 मध्ये कुराबो गिरणीने स्वतःचं डेनिम विणलं.

पुढे 80-90च्या दशकांत अमेरिका वेगवान मागांकडे, स्वस्त उत्पादनाकडे गेली आणि जपानी खरेदीदार अमेरिकेतल्या गावोगावच्या जुन्या दुकानांमधून जीन्स गोळा करू लागले. त्यांनी त्या नुसत्या काचेत ठेवल्या नाहीत. टाके उसवून बघितले, दोऱ्याची जाडी मोजली, धाग्याचा पीळ तपासला आणि ओसाका परिसरातल्या छोट्या ब्रँड्सनी तसं कापड पुन्हा विणून दाखवलं. ‘जपानने अमेरिकेचे जुने माग विकत नेले’ अशी एक कहाणी फिरते, पण तिला आधार नाही. त्यांनी वापरले ते त्यांच्याच टोयोडा कंपनीचे जुने माग. नेलं काय, तर लक्ष. दुसऱ्याच्या मजुराच्या पँटकडे इतक्या आदराने बघितलेलं लक्ष. आज कोजिमात जीन्सचं म्युझियम आहे आणि दुकानांची अख्खी गल्ली जीन्सच्या नावाने ओळखली जाते.

आणि आपण?

‘हा सगळा अमेरिका-जपानचा मामला, आपला काय संबंध?’ असं म्हणत असाल तर जरा आपल्या मुंबईत या. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द कुठून आला असेल? कोशकार बोट दाखवतात ते डोंगरीकडे. इथल्या जाड्याभरड्या सुती कापडाला डोंगरी किंवा डुंगरी म्हणत. ते जहाजांतून गेलं, खलाशांच्या अंगावर चढलं आणि मग कामाच्या पँटचंच नाव झालं. डंगरी आणि डेनिम एकच नव्हे, पण एकाच कुळातली. आज डोंगरी म्हटलं की आपल्याला सिनेमातले डॉन आठवतात, कापड नाही.

नीळ तर आपली ओळखच. ‘इंडिगो’ शब्दातच इंडिया आहे. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने 1897 मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. त्याआधीची प्रत्येक निळी जीन्स झाडापासून काढलेल्या निळीत बुडून निघालेली आहे. आणि त्या झाडाच्या शेतीत आपल्याकडचे शेतकरी किती भरडले गेले हे बंगालमधला 1859चा निळीचा उठाव आणि 1917चा चंपारण सत्याग्रह सांगतात. शाळेत हा धडा आपण वाचलाय. फक्त त्याचा कपाटातल्या पँटशी संबंध लावला नव्हता.

आणि उल्हासनगर! फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी छावणीच्या जागेवर उभं केलेलं शहर. ‘मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जोक कल्याण लोकलमध्ये कुणी ऐकला नाही? पण या जोकमागे हजारो शिलाई मशीन आहेत, कापणारे, काज-बटण करणारे, धुणारे हात आहेत. धुण्याच्या रंगीत पाण्याने वालधुनी नदीचं काय झालं, प्रकरण कोर्टात कसं गेलं, हाही त्याच इतिहासाचा भाग. आईबाबांच्या कॉलेजच्या काळातली एखादी उल्हासनगरी जीन्स, तिच्या खोट्या परदेशी लेबलसकट, कुणी जपून ठेवलीय का? ते लेबल म्हणजे आपण तेव्हा काय स्वप्न बघत होतो याचा पुरावाच की.

किंवा ‘रफ अँड टफ’ आठवतं का विचारा घरी. नव्वदच्या दशकात अरविंद मिल्सने जीन्सचं कापड, झिप, रिवेट, लेबल असं सगळं एका पाकिटात घालून विकलं होतं. शिवायची आपल्या गल्लीतल्या शिंप्याकडून. म्हणजे सातारा-सांगलीकडच्या एखाद्या खेड्यातल्या शिंप्याने आयुष्यात पहिल्यांदा शिवलेली जीन्स कुणाच्या तरी ट्रंकेत अजून असू शकते. अशा पँटला लिलावात कुणी हजारो डॉलर देणार नाही. पण तिचा इतिहास लिहायला अमेरिकेतून कुणी येणारही नाही. ते काम आपलंच.

विकत घेतलेलं म्हातारपण

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. झिजलेली जीन्स आवडते, पण झिजवायला वेळ नाही. मग कारखान्यातच झिजवून मिळते. त्यासाठी एक पद्धत होती सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाने वाळूचा मारा करून निळा थर उडवायचा. ती वाळूची धूळ तुर्कस्तानातल्या कोवळ्या वयाच्या कामगारांच्या फुप्फुसांत गेली. सिलिकोसिस झाला. हा आजार बरा होत नाही. कित्येक जण मेले. तुर्कस्तानने 2009 मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. 2010 मध्ये लिवाइस आणि एच अँड एमने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं.

होमर कॅम्पबेलच्या गुडघ्यावरचं छिद्र त्याचं स्वतःचं होतं. दुकानातल्या नव्या पँटच्या गुडघ्यावरचं छिद्र दुसऱ्या कुणाच्या तरी कष्टाने पडलेलं असतं, आणि त्याचं नाव लेबलवर नसतं. जुनी, खरोखर वापरलेली जीन्स घालण्यात नुसती स्टाइल नाही ती यामुळे.

मग करायचं काय?

साधं आहे. फार खर्च नाही.

पहिलं: धुवायची घाई करू नका. कुबट वास येत असेल तर सावलीत वाऱ्यावर दोन दिवस पसरून ठेवा. कडक उन्हात नको, नीळ उडते. धुवावीच लागली तर उलटी करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने. ब्लीच अजिबात नको, स्टार्चही नको. स्टार्चला कसर लागते.

दुसरं: प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत आत ओल धरते, बुरशी येते आणि लोखंडी बटणं गंजून कापड खातात. जुना, धुतलेला सुती पंचा किंवा मलमल घ्या, त्यात गुंडाळा. घडीच्या जागी आत कापडाची गुंडाळी ठेवा, म्हणजे रेघ पडून धागा तुटणार नाही. वर्षातून दोनदा घडी बदला. डांबराच्या गोळ्या थेट कापडावर नकोत.

तिसरं: रफू करायचं असेल तर करा, पण जुनं ठिगळ काढू नका. लेबल, फीत, अस्तर, बटण, काहीही कापून टाकू नका. लेबल टोचतं म्हणून कात्री लावणारे आपण सगळेच. निदान जुन्या पँटला ती शिक्षा नको.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: गोष्ट लिहून ठेवा. आज. कुणी घेतली, कुठून, साधारण कधी, किती रुपयांना, घालून कुठे कुठे गेले. गुडघा कशाने फाटला. कुठल्या शिंप्याने कमी केली. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण कागदावरही पेन्सिलने लिहा आणि ती चिठ्ठी पँटसोबत, कापडाला डाग लागणार नाही अशी, वेगळ्या पाकिटात ठेवा. पुढून, मागून, आतून फोटो काढा. रिवेट, बटणाची मागची बाजू, मोहरीची शिवण. बटणामागे बऱ्याचदा कारखान्याचा नंबर असतो.

कारण पँट टिकेल हो. डेनिम चिवट असतं. गोष्ट मात्र एका माणसाच्या डोक्यात असते आणि ती धुवायला लागत नाही, आपोआप फिकी होते. सॅन फ्रान्सिस्कोत वह्या जाळायला भूकंप आणि आग लागली होती. आपल्या घरात ते काम एका दिवाळीच्या साफसफाईत होतं.

तर, ती पँट अजून हातात आहे ना? बाबांना हाक मारा. विचारा, "ही कुठली?" पहिल्यांदा ते म्हणतील, "अरे टाक ती, जुनी आहे." मग हातात घेतील. खिसा चाचपतील. आणि मग म्हणतील, "अगं, ही घालून आम्ही..."

तेवढ्यात रेकॉर्डिंग सुरू करा. आणि बोहारणीला तो न होणारा शर्ट द्या.